होबार्टच्या लाकडी बोटींच्या फेस्टिव्हलला पहिल्यांदा जाताय? मग हे आधी वाचा

आम्ही पहिल्यांदा गेलो २०१९ ला. मेलबर्नहून शनिवारी सकाळची फ्लाइट, सोबत बायको आणि सहा वर्षांची लेक, डोक्यात एवढंच की जुन्या शिडाच्या बोटी बघायच्या, फोटो काढायचे आणि रविवारी रात्री घरी. धक्क्यावर पोचलो तर पहिल्याच बोटीवरच्या आजोबांनी विचारलं, काल परेड कशी वाटली? मी म्हटलं कुठली परेड. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी लग्नाच्या हॉलवर येऊन अक्षता कधी आहेत विचारतोय आणि अक्षता कालच पडून गेल्यात.

नंतर २०२३ आणि २०२५ अशा अजून दोन वाऱ्या झाल्या (मधला २०२१ चा कोविडमुळे रद्द झाला होता), त्यामुळे आता ओळखीतलं कोणी ना कोणी फोन करून विचारतं की कसं जायचं, कुठे राहायचं, पोरांना कंटाळा येईल का. दरवेळी तेच सांगून दमलो म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी बोटवाला नाही, मला अजूनही नीट गाठ मारता येत नाही, त्यामुळे हे सगळं आपल्यासारख्या बघ्यांसाठी आहे असं समजा.

१. हे नक्की काय आहे

ऑस्ट्रेलियन वुडन बोट फेस्टिव्हल. टास्मानियाची राजधानी होबार्ट, तिथलं सलिव्हन्स कोव्ह नावाचं जुनं बंदर, आणि चार दिवस तिथे लाकडी बोटीच बोटी. फ्रान्समध्ये ब्रेस्टला १९९२ साली जुन्या बोटींचा मोठा मेळा भरला होता, तो बघून इथल्या काही मंडळींना वाटलं की आपल्याकडे तर अशा बोटी घरोघरी आहेत, आपण का नाही करायचं, आणि १९९४ ला पहिला फेस्टिव्हल झाला. आता दर दोन वर्षांनी होतो, विषम साली, फेब्रुवारीत. पाचशेच्या वर बोटी येतात, अगदी एका माणसाच्या वल्ह्याच्या होडीपासून तीन डोलकाठ्यांच्या जहाजापर्यंत.

धक्क्यावर फिरायला तिकीट नाही. हो, फुकट. पैसे लागतात ते जहाजातून फेरी मारायला आणि काही खास कार्यक्रमांना. पण फुकट आहे म्हणून आयत्या वेळी गेलं तरी चालेल असं समजू नका, फुकट फक्त धक्का आहे, बाकी होबार्ट त्या वीकेंडला अजिबात स्वस्त नसतं.

२. तारीख: शुक्रवारी सकाळी तुम्ही होबार्टमध्ये पाहिजे

या अख्ख्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. फेस्टिव्हल शुक्रवार ते सोमवार असतो. सोमवारी तिथे रॉयल होबार्ट रिगाटाची सुट्टी असते, ही रिगाटा, म्हणजे बोटींच्या शर्यती, १८३८ पासून चालू आहे आणि तिची सुट्टी फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी येते, म्हणजे २०२७ ला ८ फेब्रुवारी. यातली गंमत अशी की ही सुट्टी फक्त दक्षिण टास्मानियाला आहे, मेलबर्न सिडनीला नाही, तेव्हा तुम्हाला शुक्रवार आणि सोमवार दोन्ही रजा टाकाव्या लागणार. ऑफिसमध्ये आधीच सांगून ठेवा. एकच रजा मिळत असेल तर डोळे मिटून शुक्रवारची घ्या.

का, तर शुक्रवारी परेड ऑफ सेल असते. आलेल्या बोटी डर्वेंट नदीच्या मुखाकडे जमतात आणि शिडं उभारून एकत्र बंदरात येतात. नंतरचे तीन दिवस याच बोटी धक्क्याला बांधलेल्या असतात, शिडं गुंडाळलेली. शिडाची बोट शीड न उघडता बघणं म्हणजे मोर पिसारा मिटून बसलेला बघण्यासारखं आहे, छान असतो पण ते नव्हे. शनिवारी रविवारी काही बोटी फेऱ्या मारायला बाहेर पडतात तेव्हा थोडंफार दिसतं, पण शेकडो एकत्र दिसतात त्या शुक्रवारीच.

३. राहायची सोय, ही सगळ्यात आधी

होबार्ट अडीचेक लाख वस्तीचं शहर आहे, हॉटेलं मोजकी, त्यात लाँग वीकेंड, त्यात फेस्टिव्हल. मी २०२३ च्या फेस्टिव्हलसाठी आधीच्या ऑक्टोबरमध्ये बुकिंग करायला बसलो तेव्हा धक्क्याजवळ काहीच शिल्लक नव्हतं आणि जे होतं त्याचे भाव एरवीच्या दुप्पट. आठ दहा महिने आधी करा, फ्री कॅन्सलेशनवालं घ्या. आणि एक सापळा सांगतो, आमच्या एका घरमालकाने दीड महिना आधी काहीतरी कारण सांगून बुकिंग रद्द केलं आणि तेच घर दोन दिवसांनी जास्त भावात परत लिस्ट केलेलं दिसलं. तेव्हापासून मी एक बॅकअप बुकिंग ठेवतो आणि निघायच्या आठवडाभर आधी ते सोडतो, जरा स्वार्थीपणा आहे पण पोर घेऊन रस्त्यावर यायची वेळ नको.

शहरात नाहीच मिळालं तर नदीच्या पलीकडे बेलेरीव्ह बघा. तिथून बंदरावर यायला छोटी फेरीबोट आहे, गाडी पार्क करायची कटकट नाही, आणि येता जाता बोटी पाण्यावरून दिसतात ते वेगळंच. फक्त फेरीबोटीचं वीकेंडचं टाइमटेबल आठवड्यापेक्षा वेगळं असतं ते आधी बघून घ्या. त्याहून लांब म्हणजे किंग्स्टन, ग्लेनॉर्की, न्यू नॉरफोक, ह्यूऑनव्हिल. शेवटचे दोन साधारण ३५ ते ४० किलोमीटरवर आहेत, गाडी हवीच.

४. जायचं कसं, आणि कढीपत्त्याची गोष्ट

मेलबर्नहून विमानाने सव्वा तास. एअरपोर्टहून शहर वीसेक मिनिटांवर, बस मिळते. दुसरा रस्ता समुद्राचा, स्पिरिट ऑफ टास्मानिया नावाचं मोठं जहाज जिलाँगहून डेव्हनपोर्टला जातं, गाडीसकट, बहुतेक रात्रीचा प्रवास. डेव्हनपोर्ट बेटाच्या उत्तर टोकाला आणि होबार्ट दक्षिणेला, म्हणजे उतरल्यावर अजून २८० किलोमीटर गाडी चालवायची आहे हे विसरू नका. गुरुवारी सकाळी उतरणारं जहाज घेतलंत तर आरामात होतं. फेब्रुवारी हा तिथला भर सीझन, गाडीसकट केबिन हवी असेल तर तेही महिनोनमहिने आधी.

आता महत्त्वाचं. टास्मानिया ऑस्ट्रेलियातच असलं तरी तिथे स्वतःची बायोसिक्युरिटी आहे, मेनलँडवरून ताजी फळं, भाज्या, रोपं, बिया नेता येत नाहीत. एअरपोर्टवर हुंगणारे कुत्रे असतात, जहाजावर गाडी तपासतात. आमच्या हिने चार दिवस बाहेरचं खायला नको म्हणून पिशवीत हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, लिंबं आणि कुंडीतला कढीपत्ता भरला होता. कुत्रं येऊन बॅगेशेजारी शांत बसलं, बस्स. ऑफिसर बाई चांगल्या होत्या, सगळं काढून घेतलं आणि समज देऊन सोडलं, पण दंड होऊ शकतो. पोळ्या, शिजवलेली भाजी, चटण्या, मसाले यांना आम्हाला कधी अडवलं नाही. शंका असेल तर उतरल्यावर जे डबे ठेवलेले असतात त्यात टाकून मोकळं व्हा. आणि मुलाच्या दप्तराच्या कप्प्यात विसरलेलं सफरचंद हा क्लासिक प्रकार आहे, तो कप्पा तपासा.

५. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं फार नाहीत:

- फोटो आयडी प्रत्येक मोठ्या माणसाचं (जहाजाला तर लागतंच)
- गाडी भाड्याने घेणार असाल तर लायसन्स आणि ज्याच्या नावाने बुकिंग त्याचंच क्रेडिट कार्ड, बायकोचं कार्ड नवऱ्याचं लायसन्स असं केलंत की काउंटरवर अडकलात
- शिडाच्या जहाजातल्या फेरीची तिकिटं काढली असतील तर ती फोनमध्ये सेव्ह केलेली, गर्दीत नेट रडतं
- आईबाबा इंडियाहून आले असतील तर त्यांचा पासपोर्ट, ट्रॅव्हल इन्शुरन्स आणि औषधांची यादी

आणि वस्तू:

- मऊ सपाट रबरी सोलचे बूट, काळे डाग न पाडणारे. हे का ते पुढे सांगतो
- वारा अडवणारं जाकीट. फेब्रुवारी म्हणजे तिथला उन्हाळा, दिवसाचं तापमान साधारण २२ पर्यंत, पण धक्क्यावर वारा सुटला आणि ढग आले की स्वेटर आठवतो, आणि अर्ध्या तासात परत ऊन
- टोपी (गळ्यात दोरी असलेली, नाहीतर ती डर्वेंटला अर्पण) आणि सनस्क्रीन. गारवा असतो म्हणून ऊन लागत नाही असं वाटतं आणि संध्याकाळी नाक सोललेलं असतं
- उलटीची गोळी, ज्यांना लागते त्यांच्यासाठी
- छोटी पाठीवरची बॅग. ट्रॉली, मोठी स्ट्रोलर वगैरे गर्दीत वैताग आणते

६. परेड कुठून बघायची

बहुतेक लोक थेट बंदराच्या धक्क्यावर जाऊन उभे राहतात. तिथून बोटी आत येताना दिसतात खऱ्या, पण तोपर्यंत बऱ्याच जणांनी शिडं उतरवून इंजिन चालू केलेलं असतं. त्यापेक्षा जरा दक्षिणेला सरका. बॅटरी पॉइंटचं प्रिन्सेस पार्क चालत जाण्याइतकं जवळ आहे, तिथल्या उतारावर चादर टाका. सँडी बेचा किनाराही चांगला. गाडी असेल तर पलीकडच्या काठाला रोझनी हिलचा पॉइंट आहे, तिथून अख्खी नदी, मागे कुनानी म्हणजेच माउंट वेलिंग्टन (१,२७१ मीटर) आणि मधे शिडंच शिडं. वाइड फोटो तिथूनच.

एक गोष्ट मला तिसऱ्या वेळी कळली. उन्हाळ्यात दुपारी डर्वेंटवर बऱ्याचदा समुद्राकडून, आग्नेयेकडून वारा सुटतो. नदीचं मुख दक्षिणेला, त्यामुळे हा वारा बोटींना पाठीमागून ढकलत बंदराकडे आणतो, म्हणून त्या सगळी शिडं फुलवून येऊ शकतात. सकाळी पाणी आरशासारखं आणि बोटी रांगत असतात तेव्हा कंटाळून उठू नका, वारा फिरला की दहा मिनिटांत सगळं चित्र बदलतं. वेळ नेमकी किती ते त्या वर्षीच्या कार्यक्रमात बघा, पण जेवणाचा डबा घेऊनच बसा.

या ताफ्यात मोठ्या जहाजांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण छोट्या उघड्या होड्यांचा एक घोळका शोधा. हे लोक बेटाच्या पार दक्षिणेकडून, रेशर्श बेहून, बरेच दिवस वल्ही मारत आणि शीड लावत, रात्री किनाऱ्यावर तंबू ठोकत आलेले असतात. तावे नुनुगाह असं त्या प्रवासाचं नाव आहे, तिथल्या मूळ लोकांच्या भाषेतलं, अर्थ होडीने जाणं. चेहरे भाजलेले, दाढ्या वाढलेल्या, आणि धक्क्याला लागल्यावर सगळ्यात मोठं हसू यांचंच.

७. बोटी ओळखायला शिका, नाहीतर दुसऱ्या तासाला सगळ्या सारख्या दिसतात

हे कोणी सांगत नाही. पाचशे बोटी बघून डोकं भणभणतं, सगळीकडे चकचकीत व्हार्निश आणि पितळ, बायको म्हणते हीच मघाशी बघितली ना. एवढं लक्षात ठेवा:

आधी डोलकाठ्या मोजा. एकच काठी आणि पुढे एकच तिकोनी शीड, तर स्लूप. एकच काठी पण पुढे दोन शिडं, तर कटर. दोन काठ्या असतील तर बघा मोठी कुठली. पुढची मोठी आणि मागची लहान, तर केच. त्यातही मागची अगदीच छोटी आणि सुकाणूच्याही मागे, तर यॉल. दोन्ही सारख्या किंवा मागची मोठी, तर स्कूनर.

मग शिडांचा आकार. काठीला आडव्या काठ्या टांगून त्यावर चौकोनी शिडं, चाच्यांच्या जहाजासारखी. दोन्ही डोलकाठ्यांवर अशी असतील तर ब्रिग. फक्त पुढच्या काठीवर असतील तर ब्रिगँटीन. तीन काठ्या, पुढच्या दोन्हींवर चौकोनी आणि शेवटच्या काठीवर नाहीत, तर बार्क.

हे पाठ करायला होबार्टमध्ये जिवंत नमुने आहेत. लेडी नेल्सन ही ब्रिग, १८०३ साली पहिल्या इंग्रज वसाहतवाल्यांना रिझडन कोव्हला आणणाऱ्या जहाजाची प्रतिकृती. विंडवर्ड बाउंड ही ब्रिगँटीन, होबार्टलाच बांधलेली, १९९६ ला पाण्यात उतरली. मेलबर्नवाल्यांच्या ओळखीची एंटरप्राइझ ही स्कूनर, १८३५ साली मेलबर्नला पहिली वसाहतवाली माणसं घेऊन आलेल्या जहाजाची प्रतिकृती. आणि सिडनीहून जेम्स क्रेग आली असेल तर ती बार्क, १८७४ ची. तिची अंगकाठी लोखंडाची आहे, लाकडाची नाही, पण तिला कोण अडवणार. ही बया कित्येक वर्षं टास्मानियाच्या दक्षिणेला रेशर्श बेमध्ये बेवारस गाळात पडून होती, १९७२ ला तिला परत तरंगवली आणि पुढे अनेक वर्षं खपून नवी केली.

यात माझी लाडकी मात्र मे क्वीन. दोन काठ्यांची केच, १८६७ ला फ्रँकलिनला बांधलेली, ह्यूऑन नदीतून होबार्टला लाकूड वाहायची. म्हणजे मालवाहू टेंपोच तो त्या काळचा. राजेशाही यॉट जपून ठेवतात यात नवल नाही, पण दीडशे वर्षं जुना टेंपो अजून तरंगतोय आणि लोक त्याला रंग लावतायत हे मला फार आवडतं.

शेवटी अंग बघा. फळ्या एकमेकींना कडेला कड लावून बसवलेल्या, बाहेरून गुळगुळीत, तर कार्व्हेल. फळीवर फळी थोडी चढवलेली, कौलांसारखी, तर क्लिंकर. कार्व्हेलच्या फटीत कापूस किंवा ताग ठोकून भरतात आणि वरून लांबी (पुट्टी) लावतात. बोट पाण्यात राहिली की लाकूड फुगतं आणि फटी आवळल्या जातात, म्हणून जुनी बोट खूप दिवस कोरडी ठेवली की पाण्यात सोडल्यावर आधी गळते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला उलटंच वाटलं होतं.

८. बोटीवर चढायची रीत

बोट कोणाचंतरी घर असते, काही जण तर खरंच तिच्यावर राहतात. त्यामुळे धक्क्यावरून सरळ उडी मारून फोटो काढायला चढू नका, मी असे लोक बघितलेत आणि त्यात दुर्दैवाने आपलेही होते. उभं राहा, नजरानजर होऊ द्या, वर येऊ का विचारा. बऱ्याच बोटींवर वेलकमची पाटी असते, तरीही विचारा.

बूट काढायला सांगितले तर काढा, देवळात काढतोच की. बायकोच्या सँडलची हील आमच्या पहिल्या वेळी डेकच्या फळ्यांमधल्या काळ्या रेघेत रुतली होती, ती रेघ म्हणजेच पाणी आत जाऊ नये म्हणून भरलेला मसाला, मालक काही बोलला नाही पण गुडघ्यावर बसून ती जागा अंगठ्याने दाबत राहिला. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून तो मऊ सोलचा मुद्दा.

व्हार्निशला हात लावू नका, अंगठी, घड्याळ, कॅमेऱ्याचं बक्कल याने ओरखडे जातात. पकडायचं तर ज्या कठड्याला मालक पकडतो त्यालाच. पाठीवरची बॅग चढायच्या आधी काढून हातात, नाहीतर वळताना ती काय पाडेल सांगता येत नाही.

आणि बोला! हेच खरं काम. नुसते फोटो काढून पुढे जाणारे हजार जण असतात, मालक कंटाळून खुर्चीत बसलेले असतात. विचारा, कुठलं लाकूड आहे? कोणी बांधली? तुमच्याकडे कशी आली? किती फळ्या मूळच्या आणि किती बदलल्या? या शेवटच्या प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर देणारा मालक मला अजून भेटलेला नाही. एकाने तर खाली नेऊन फळ्यांवर खडूने लिहिलेली सालं दाखवली, चहा पाजला, आणि लेकीला सुकाणूचं चाक धरायला दिलं. किंमत विचारू नका. म्हणजे विचारली तर हसतील, पण मग ते वेगळ्या प्रकारचं बोलणं सुरू होतं.

९. शिडाच्या जहाजातून फेरी

तिकिटं आधी ऑनलाइन काढा, मोठ्या जहाजांच्या फेऱ्या लवकर भरतात. नाही मिळाली तर निराश होऊ नका, लेडी नेल्सन एरवीही वीकेंडला होबार्टहून फेऱ्या मारते, फेस्टिव्हलच्या आधी किंवा नंतर थांबणार असाल तर तेव्हा जा, गर्दी कमी आणि खलाशी जास्त गप्पा मारतात. हे सगळे बहुतेक व्हॉलंटियर असतात, निवृत्त शिक्षक, नर्स, कोणीही.

वर गेल्यावर तुम्हाला दोरी ओढायला बोलावतील, जा. पण तीन गोष्टी पाळा. जमिनीवर गोल गुंडाळून ठेवलेल्या दोरीत पाय ठेवायचा नाही, ती सुटली तर पायासकट जाते. दोरी कधीही हाताला गुंडाळायची नाही, फक्त मुठीत धरायची, आणि सोड म्हटलं की सोडायची. आणि लहान बोट असेल तर शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची उंची चढल्या चढल्या बघून घ्यायची, बोट वळली की तो दांडा झपकन या बाजूहून त्या बाजूला येतो आणि बरोबर डोक्याच्या लेव्हलला असतो.

नदीतच फिरवतात त्यामुळे फार हलत नाही, पण दुपारच्या वाऱ्यात कलते जरूर. उलटीची गोळी चढायच्या आधी घ्यायची असते, नंतर नाही. वारा जास्त असेल तर कॅप्टन फेरी रद्द करतो, वाद घालू नका, पैसे परत किंवा दुसरी वेळ देतात. म्हणूनच फेरी शनिवारची घ्या, सोमवारची नको, रद्द झाली तर हातात दिवस उरतो.

१०. लाकडाचा वास घ्या

नाही, खरंच. धक्क्यावर कारागीर बसून रंधा मारत असतात, तिथे जाऊन पिवळसर सोनेरी भुगा दिसला की उचला आणि नाकाशी धरा. गोडसर, मसाल्यासारखा वास आला तर तो ह्यूऑन पाइन. हे झाड फक्त टास्मानियात होतं, खोडाची जाडी वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, आणि दोन हजार वर्षांच्या वरची झाडं आहेत. त्याच्यात मिथाइल युजेनॉल नावाचं तेल असतं, वास त्याचाच, आणि त्याच्यामुळेच लाकूड कुजत नाही, किडे लागत नाहीत. शिवाय तोडल्या तोडल्या ओलं असतानाही ते तरंगतं, म्हणून पश्चिमेच्या जंगलातले लाकूडतोडे ओंडके नदीत सोडून वाहवत आणायचे. १८२२ ते १८३३ मध्ये सारा आयलंडवरच्या तुरुंगात कैद्यांकडून याच लाकडाची जहाजं बांधून घेतली, त्या तुरुंगाच्या कथा ऐकल्या तर हा गोड वास जरा कडू लागतो.

आता उभं झाड तोडत नाहीत, जंगलात पडलेले, पाण्याखाली गेलेले जुने ओंडके काढून वापरतात, आणि शेकडो वर्षं पडून राहूनही ते धड असतात. त्यामुळे महाग. धक्क्यावर याचे पोळपाटासारखे पाट, वाट्या, पेनं विकायला असतात. आईसाठी चमचा घेतला होता, ती म्हणाली आमटीला याचा वास लागेल, तो अजून देव्हाऱ्याशेजारी ठेवलाय. दुकानात स्वस्तात ह्यूऑन म्हणून काही मिळालं तर वास घेऊनच घ्या.

११. पोरं आणि आईबाबा

पोरांना दुपारपर्यंत मजा येते, नंतर पाय दुखतात. त्यांच्यासाठी लाकडाचे तुकडे, खिळे, हातोडी देऊन खेळण्यातली बोट बनवायची जागा असते, तिथे सकाळीच जा, दुपारी रांग. आमच्या लेकीची बोट बाथटबमध्ये उलटी तरंगते पण ती तिची आहे. धक्क्याला सगळीकडे कठडे नाहीत, खाली थेट खोल थंड पाणी, लहान मुलाचा हात सोडू नका.

आईबाबांना चार दिवस उभं फिरवू नका. बसायला जागा कमी आहेत, घडीची छोटी स्टुलं नेता आली तर न्या. पाय दुखले तर मॅरिटाइम म्युझियम बंदरातल्याच कॉन्स्टिट्यूशन डॉकच्या अगदी जवळ आहे, तिथे बसता येतं आणि वेळही छान जातो. त्यांचा व्हिजिटर व्हिसा काढताना या तारखा धरून काढा, नाहीतर मार्चमध्ये येतील आणि तुम्ही त्यांना फोटो दाखवत बसाल.

खाणं: कॉन्स्टिट्यूशन डॉकमध्ये तरंगत्या होड्यांवर फिश अँड चिप्स मिळतात, रांगेत उभं राहण्यासारखे. शाकाहारी लोकांनी साडेअकराला जेवून घ्या, एक ते अडीच प्रत्येक स्टॉलवर जत्रा असते. शनिवारी शेजारीच सलामांका मार्केट भरतं, तिथे पर्याय जास्त, पण गर्दीही दुप्पट. गाडी तर बंदराजवळ आणायचीच नाही, रस्ते बंद असतात, लांब लावा आणि चाला.

फोटोवाल्यांनो, सकाळी सातला जा. पाणी शांत, बोटींची प्रतिबिंबं सरळ, आणि मालक लोक पायजम्यात कॉफी घेऊन डेकवर बसलेले.

१२. एक दिवस जास्त असेल तर फ्रँकलिन

मंगळवारी परतायची घाई नसेल तर होबार्टहून साधारण ४५ किलोमीटरवर ह्यूऑन नदीकाठी फ्रँकलिन गाव आहे, मे क्वीन बांधली तेच. तिथे वुडन बोट सेंटर आहे, लोक लाकडी बोट बांधायला शिकतात आणि तुम्हाला शेडमध्ये जाऊन अर्धवट बांधलेली बोट बघता येते. फेस्टिव्हलला तयार बोट बघितली की ती कशी उभी राहते ते कळत नाही, इथे बरगड्या, फळ्या, वाफेवर वाकवलेलं लाकूड सगळं उघडं दिसतं. फेस्टिव्हलनंतर लगेचचे दिवस उघडं आहे का ते फोन करून विचारा, कारण तिथली सगळी माणसं चार दिवस होबार्टच्या धक्क्यावर उभी असतात आणि मंगळवारी त्यांनाही झोप हवी असते.